मॉडेल रेल्वेच्या चाकांचा आवाज: तो मुळात कमी करा, मग त्याची वाट अडवा

तंबोऱ्याची तार स्वतः फार मोठ्याने वाजत नाही, तिला मोठं करतो तो भोपळा. मॉडेल रेल्वेचंही तसंच आहे. एचओ मापाच्या (खऱ्या गाडीच्या १/८७ आकाराच्या) डब्याचं चाक जेमतेम १० मिलिमीटरचं. एवढ्याशा वस्तूला खोलीभर घुमणारा खर्जातला आवाज काढताच येत नाही. चाक फक्त थरथर निर्माण करतं. ती रुळातून स्लीपरमध्ये, स्लीपरमधून पायात (रुळाखालच्या कॉर्क किंवा फोमच्या थरात) आणि पायातून बेसबोर्डात (ज्यावर सगळं मांडलेलं असतं त्या फळीत) उतरते, आणि मग एक-दोन चौरस मीटरचं प्लायवूड भोपळ्यासारखं वाजू लागतं.

म्हणून या कामाचे दोन भाग पडतात. चाक आणि रूळ जिथे भेटतात तिथे थरथर कमी करायची, आणि उरलेली थरथर बोर्डापर्यंत पोचू द्यायची नाही. बहुतेक जण दुसऱ्या भागापासून सुरुवात करतात, कॉर्क आणतात, अंथरतात आणि मग कॉर्क घालूनही फरक पडला नाही म्हणून निराश होतात. यातला बराच दोष कॉर्कचा नसतो, कॉर्कवर रूळ कसा बसवला त्याचा असतो. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच. आधी आवाज नेमका कुठला ते ओळखायला हवं.

आधी ओळख पटवा

इंजिन बाजूला ठेवा. एकच डबा घ्या आणि हाताने सावकाश ढकला. टिक-टिक ऐकू आली तर रुळाशेजारी पट्टी ठेवून दोन टिकांमधलं अंतर मोजा. एचओ डब्यांची चाकं साधारण ९.६ ते १०.५ मिलिमीटर व्यासाची असतात, म्हणजे एका फेऱ्यात डबा ३० ते ३३ मिलिमीटर पुढे जातो. टिक दर ३०-३३ मिलिमीटरला येत असेल तर दोष चाकात आहे: त्यावर कचरा चिकटलाय, साच्याची रेघ राहिलीय किंवा ते आसावर तिरकं बसलंय. डबा कुठलाही असो, टिक रुळाच्या ठरावीक जागीच येत असेल तर दोष सांध्यात आहे.

चिवचिव किंवा कुईकुई असा बारीक, चढा आवाज जवळपास नेहमी आसाच्या टोकांचा असतो. फक्त वळणावर खरखर येत असेल तर फ्लँज, म्हणजे चाकाची आतली उंच कड, रुळाला घासते आहे. सरळ रुळावरही सतत कुर्रर्र असा दातेरी आवाज येत असेल तर फ्लँज रूळ धरून ठेवणाऱ्या खिळ्यांच्या डोक्यांवरून चालली आहे. आणि वेगाबरोबर वाढत जाणारी घुमणारी घरघर बोर्डाची.

इंजिनाचा आवाज वेगळा काढायला इंजिन फोमच्या खोबणीत उलटं ठेवा आणि चाकांना तारांनी वीज द्या. हवेत चाकं फिरतानाही तेवढाच आवाज आला तर तो गिअर आणि मोटरचा. रुळाशी त्याचा संबंध नाही आणि खाली दिलेल्या कुठल्याही उपायाने तो मुळातून जाणार नाही.

शेवटची चाचणी सगळ्यात जास्त शिकवते. दोन-तीन सुटे रूळ जोडा. ते आधी थेट बोर्डावर ठेवून गाडी चालवा, मग बोर्डावर चार पदरी घडी घातलेला टॉवेल टाकून त्यावर ठेवून चालवा. टॉवेलवर आवाज एकदम बसला तर तुमचं मुख्य दुखणं पाया आणि बोर्डात आहे. फारसा फरक पडला नाही तर चाकं आणि रूळ आधी बघा.

कानावर भरवसा ठेवू नका. काल किती आवाज होता हे कान लक्षात ठेवत नाही. फोनवरचं आवाज मोजायचं ॲप पुरतं, पण फोन बोर्डावर ठेवू नका, नाहीतर तो बोर्डाची थरथर थेट अंगावर घेईल. वेगळ्या स्टुलावर, रुळापासून ५० सेंटिमीटरवर ठेवा. तीच गाडी, तोच वेग, तीच जागा. वेग ठरवायला एक मीटर अंतर सव्वातीन ते साडेतीन सेकंदांत कापायला लावा, एचओमध्ये हा खऱ्या गाडीच्या ताशी ९०-९५ किलोमीटरच्या आसपासचा वेग होतो. ३ डेसिबलची घट म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी होणं. कानाला 'निम्मा झाला' असं वाटायला साधारण १० डेसिबलची घट लागते. एका वेळी एकच बदल करा आणि आकडा लिहून ठेवा.

चाकं

पहिलं काम सफाईचं, आणि ते फुकटात बरंच काही देऊन जातं. चाकाच्या फिरत्या पृष्ठावर जमणारा काळा थर धूळ, तेल आणि धातूची भुकटी यांचा असतो. तो एकसारखा जमत नाही, ढेकळांनी जमतो, आणि प्रत्येक ढेकूळ रुळावर आपटतं. डब्यांच्या चाकांसाठी ९० टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पुरे. जाड थर असेल तर लाकडी टूथपिकने खरवडा. ब्लेड, स्क्रू-ड्रायव्हर, तारेचा ब्रश किंवा सँडपेपर चाकाला लावू नका. त्यांनी पडलेले ओरखडे पुढचा कचरा जास्त घट्ट धरून ठेवतात आणि महिनाभरात चाक पहिल्यापेक्षा खडबडीत होतं. इंजिनासाठी रुळावर अल्कोहोलने ओला केलेला कागदी रुमाल आडवा टाका, इंजिनाचा अर्धा भाग कोरड्या रुळावर आणि अर्धा रुमालावर ठेवा, हाताने धरून चाकं फिरू द्या, मग बाजू बदला. चाकांवर रबरी पट्टे असतील तर तेही बघा. खोबणीतून अर्धवट निघालेला किंवा फाटलेला पट्टा दर फेऱ्याला धप-धप करतो. तो चिकटवून भागवू नका, नवा बसवा.

सफाईनंतरही टिक राहिली तर चाक जोडी डब्यातून काढा आणि आरशाच्या किंवा काचेच्या सपाट तुकड्यावर घरंगळवा. लंगडत गेली तर आस वाकला आहे किंवा चाक केंद्रात नाही. प्लास्टिक चाकांवर साच्याची शिवण दिसते का बघा. असेल तर आस हँड ड्रिलमध्ये हलकेच धरून सावकाश फिरवा आणि ८०० व मग १२०० नंबरचा ओला पॉलिश पेपर टेकवा. शिवण गेली की थांबा. चाकाचा उतार घासून सपाट केलात तर गाडी डोलायला लागेल. (सफाईसाठी चाकांना सँडपेपर नको हे वर सांगितलंच. इथे शिवण काढणं आणि पृष्ठ पुन्हा गुळगुळीत करणं हा एकदाच करायचा उपाय आहे, सफाईची पद्धत नव्हे.)

दोन चाकांच्या आतल्या अंगांमधलं अंतर मोजा. एचओसाठी ते १४.४ मिलिमीटरच्या आसपास हवं. एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या मापपट्टीवर त्यासाठी तयार खाचा असतात, नाहीतर व्हर्नियर कॅलिपरने मोजा, आणि एकाच जागी नाही, आस थोडा थोडा फिरवून तीन जागी. तीन मापं वेगळी आली तर चाक तिरकं बसलंय. अंतर कमी असेल तर फ्लँज पॉइंटवरच्या (रुळाला फाटा फुटतो त्या जागेच्या) चेक रेलला, म्हणजे चाकाला वाटेवर ठेवणाऱ्या जादा रुळाला, आणि फ्रॉगच्या, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या भागाच्या, टोकाला आपटते. जास्त असेल तर सरळ रुळावरही फ्लँज रुळाला घासत चालते. चाक सरकवताना ते पिळत-पिळत बोटांनी ढकला. हातोडीने ठोकलेला आस वाकतोच, आणि वाकलेला आस सरळ करत बसण्यात अर्थ नाही.

प्लास्टिक की धातू? प्लास्टिकचं चाक सांध्यावर बोथट वाजतं, धातूचं टणकन वाजतं, हे खरं. पण प्लास्टिकवर कचरा लवकर धरतो आणि सगळ्या रुळांवर पसरतो, तर चांगल्या लेथवर कापलेलं धातूचं चाक वर्षानुवर्षं गोल आणि गुळगुळीत राहतं. सांधे नीट असतील तर धातूच्या चाकांची गाडी फक्त एक हलकी सळसळ करत जाते. म्हणून सल्ला असा: चाकं धातूची घ्या आणि त्यांना साजेसे सांधे करा. सांध्यांचे दोष झाकायला प्लास्टिक चाकं ठेवू नका. बदलताना चाकाच्या व्यासाबरोबर आसाची टोकापासून टोकापर्यंतची लांबीही मोजून घ्या. एचओमध्ये ती साधारण २४ ते २६ मिलिमीटर असते आणि त्यात दशांश मिलिमीटरचा फरकही जाणवतो. तसंच दोन रुळी विजेवर धातूच्या चाकजोडीतलं एक चाक आसापासून वीजरोधक केलेलं असतं. बोगी (डब्याखालची चाकांची चौकट) धातूची असेल तर ही चाकं सगळी एकाच बाजूला ठेवा, नाहीतर शॉर्ट होईल.

फ्लँजची खोलीही तपासा. एनएमआरएच्या आरपी-२५ आकाराच्या चाकाची फ्लँज ०.६४ मिलिमीटर असते. युरोपीय मॉडेल रेल्वे मानकात, म्हणजे एनईएममध्ये, ती १.२ मिलिमीटरपर्यंत चालते आणि जुन्या खेळण्यातल्या गाड्यांची त्याहून खोल. कोड १०० चा (कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत रुळाची उंची) रूळ २.५४ मिलिमीटर उंच असल्याने त्यावर बहुतेक चाकं निभावतात. कोड ८३ चा रूळ २.१ मिलिमीटरचा, त्यातली बरीच उंची खिळ्यांच्या डोक्यांनी खाल्लेली. खोल फ्लँज तिथे प्रत्येक स्लीपरवर खडखडते. असं असेल तर आवाज घालवायचा एकच खरा मार्ग आहे, चाकं बदलणं. डब्यांमध्ये ते सोपं असतं. इंजिनाचं चाक बदलता येत नसेल तर ते इंजिन उंच रुळावरच चालवा.

आसाची टोकं

डब्याचा आस दोन्ही टोकांना अणकुचीदार असतो आणि बोगीतल्या शंकूच्या आकाराच्या खळग्यात फिरतो. खळग्यात प्लास्टिकचा कंगोरा राहिला असेल, धूळ असेल किंवा आस अतिघट्ट असेल तर कुईकुई सुरू होते. आधी खळगा टूथपिकने साफ करा. मग खळगा नीट करायचं छोटं रीमर, ज्याच्या दोन्ही टोकांना आसासारखा शंकू असतो, बोगीत बसवून बोटांनी दोन-तीन फेरे द्या. जास्त नको. खळगा खोल झाला की आस खाली बसतो आणि डब्याची उंची बिघडते.

आस डावीकडे-उजवीकडे ०.२ ते ०.५ मिलिमीटर सरकला पाहिजे. अजिबात न सरकणारा आस अडतो, एक मिलिमीटर सरकणारा खुळखुळतो. बोगीची बाजू आत-बाहेर वाकली असेल तर ती बोटांनी हलकेच वळवून हे अंतर जुळवता येतं. बाजूंना पितळी टोपी-बेअरिंग बसवायची सोय असेल तर झीज झालेल्या खळग्यावर तो सगळ्यात टिकाऊ इलाज आहे.

वंगणाबद्दल थोडं कडक बोलायला हवं, कारण इथे नुकसान सर्वांत जास्त होतं. ॲसिटलसारख्या गुळगुळीत प्लास्टिकच्या बोगीत धातूचा आस असेल तर बहुधा वंगण लागतच नाही. लागलंच तर कोरडी ग्रॅफाइट भुकटी टूथपिकच्या टोकावर मावेल एवढी, किंवा प्लास्टिकला चालणाऱ्या पातळ तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब. जास्तीचं तेल आसावरून चाकावर आणि चाकावरून रुळावर जातं, तिथे धूळ पकडतं आणि ज्या कचऱ्यामुळे आवाज सुरू झाला तोच परत येतो. गंज सोडवायचे फवारे वापरू नका, ते काही प्लास्टिक मऊ करतात किंवा तडकवतात. ग्रॅफाइट वीजवाहक आहे, म्हणून ते वीज घेणाऱ्या पट्ट्यांजवळ आणि मोटरच्या कम्युटेटरजवळ नेऊ नका.

डबा मोकळा फिरतोय का हे असं बघा: एक मीटर सरळ रुळाचं एक टोक २० मिलिमीटर उचला. या २ टक्के उतारावर डबा न ढकलता सुटला पाहिजे. सुटत नसेल तर कुठेतरी घासतंय, आणि जे घासतं ते वाजतंही.

डब्याचं अंग

पोकळ प्लास्टिकचा हलका डबा म्हणजे छोटं डबडंच. एनएमआरएच्या शिफारशीनुसार एचओ डब्याचं वजन २८ ग्रॅम अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम असावं, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या डब्याला साधारण ११० ग्रॅम. यापेक्षा बराच हलका डबा सांध्यावर उडतो आणि खाली येताना वाजतो. वजनाची पट्टी तळाला दुहेरी चिकटपट्टीच्या फोमवर किंवा सिलिकॉनवर बसवा. आत सैल पडलेली लोखंडी पट्टी हा खडखडाटाचा अगदी नेहमीचा आणि सहज विसरला जाणारा उगम आहे. डबा कानाजवळ धरून हलवला की लगेच कळतो.

छपराच्या आतून नखाएवढे दोन-तीन तुकडे बिट्युमेनच्या (डांबरासारख्या पदार्थाच्या) चिकट पत्र्याचे किंवा पुट्टीसारख्या चिकणमातीचे लावले तर डब्याची घुमघुम बसते. बोगीचे स्क्रू: एक बोगी फक्त आडवी वळेल एवढी ठेवा, स्क्रू पूर्ण आवळून पाव फेरा सैल सोडा. दुसरी जरा डुलू शकेल अशी, साधारण अर्धा फेरा सैल. अशाने डबा तीन पायांच्या तिवईसारखा बसतो आणि आठही चाकं रुळाला टेकून राहतात. दोन्ही सैल ठेवलात तर डबा डुलत, वाजत जाईल.

रुळाचे सांधे

खऱ्या रेल्वेचा खडाक्-खट् हा कित्येकांना हवाच असतो. तो हवा असेल तर जरूर ठेवा. पण सम आलेल्या दोन टोकांमधल्या फटीचा ठोका वेगळा आणि वर-खाली असलेल्या टोकांवर चाक आपटण्याचा ठोका वेगळा. दुसरा कर्कश असतो आणि चाकंही खराब करतो.

बोटाचं नख सांध्यावरून दोन्ही दिशांनी फिरवा, रुळाच्या माथ्यावरून आणि आतल्या कडेवरून. अडलं तर चाकही अडणार. जॉइनर (दोन रुळांची टोकं जोडणारी धातूची पट्टी) सैल असेल तर पकडीने हलकेच दाबून घट्ट करा किंवा बदला. कापलेल्या रुळाच्या टोकाला खाली, वर आणि आत राहिलेला कंगोरा बारीक कानशीने काढा, माथ्याची आतली धार अगदी किंचित गोल करा. उरलेला सूक्ष्म फरक १००० नंबरच्या पेपरने दोन्ही बाजूंना पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत उतरवत घासा, आणि शेवटी गुळगुळीत स्टीलच्या वॉशरने दाबून घोटा. घोटणं सोडू नका, पेपरच्या बारीक रेघा कचरा धरतात.

एक गोष्ट जवळपास प्रत्येक लेआउटवर, म्हणजे रेल्वेच्या मांडणीवर, राहून गेलेली असते. फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकवता येणारा लांब रूळ) जोडताना जॉइनरला जागा करायला टोकाचे एक-दोन स्लीपर कापून टाकतात, आणि मग सांधा नेमका अधांतरी राहतो. चाक त्यावर आलं की रूळ खाली लवतो आणि टक्क वाजतो. कापलेल्या स्लीपरची रूळ धरणारी नक्षी तासून टाका, जॉइनरच्या जाडीइतका माथा खरवडा आणि तो स्लीपर परत सांध्याखाली सरकवून चिकटवा. दहा मिनिटांचं काम आहे आणि फरक लगेच ऐकू येतो.

वळणावरचे सांधे सोल्डर करा, तेही रूळ सरळ असताना, नंतर वाकवा. वळवून मग जोडलेल्या टोकांना सरळ व्हायची ओढ असते आणि सांध्यात कोपरा पडतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना ओल्या स्पंजचे तुकडे किंवा धातूचे चिमटे लावा म्हणजे स्लीपर वितळणार नाहीत. सोल्डरिंग आयर्न पुरेसं गरम हवं, दोन-तीन सेकंदांत सोल्डर आत ओढलं गेलं पाहिजे. कमी ताकदीचं आयर्न जास्त वेळ टेकवलं की स्लीपर जातातच. आतल्या अंगाला आलेलं सोल्डर कानशीने साफ करा, फ्लँज त्याच्यावरच आपटते.

सगळेच सांधे मात्र सोल्डर करू नका. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ तापमान २० अंशांनी चढलं की साधारण एक तृतीयांश मिलिमीटर लांबतो, आणि लाकडी बोर्ड दमटपणाने त्याहून जास्त हलतो. सरळ भागात दर दीड-दोन मीटरला अर्ध्या मिलिमीटरची फट सोडा. वीज तोडण्यासाठी कापलेल्या फटींमध्ये स्टायरिनचा तुकडा चिकटवून रुळाच्या आकारात कानसून घ्या. फट बंद होत नाही आणि चाकही तिथे आदळत नाही.

पॉइंटचा ठोका फ्रॉगमध्ये असतो. तिथे चाकाला क्षणभर रुळाचा आधार नसतो आणि ते खाली पडतं. फ्लँजच्या वाटेची खोली कॅलिपरने मोजा आणि तळाशी ०.२५ मिलिमीटर जाडीच्या स्टायरिन पट्ट्या चिकटवत ती इतकी कमी करा की फ्लँज तळाच्या अगदी जवळून जाईल. एकेक पट्टी लावून दर वेळी गाडी चालवून बघा. चाक उचललं गेलं तर एक पट्टी जास्त झाली. वेगवेगळ्या खोलीच्या फ्लँजेस असलेली चाकं त्याच पॉइंटवरून जाणार असतील तर हा उपाय करू नका. सर्वांत खोल फ्लँज उचलली जाईल आणि डबा घसरेल.

वळणावरची घसट बहुतेक वेळा वळण फार आवळलेलं असल्याची तक्रार असते. त्रिज्या वाढवणं शक्य नसेल तर बोगी पूर्ण वळते का, वजनाची पट्टी किंवा तार आड येते का ते बघा. बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगावर मऊ पेन्सिलची एक रेघ ओढली तर घसट शांत होते. रुळाच्या माथ्यावर मात्र ती जाड ओढू नका.

पाया आणि बोर्ड

आता भोपळ्याकडे. तत्त्व साधं आहे: खाली जड आणि ताठ, वर मऊ, आणि दोघांना जोडणारा कडक पूल कुठेही नाही. तिसरी अट बहुतेक जण मोडतात.

बोर्ड १२ मिलिमीटर प्लायवूडचा घ्या आणि खाली दर ३० ते ४० सेंटिमीटरला आडव्या पट्ट्या द्या. ६ मिलिमीटरचं प्लाय स्वस्त आणि हलकं पडतं, पण ते ढोलाच्या पानासारखं वाजतं आणि वर काहीही अंथरलं तरी पुरतं शांत होत नाही. नुसत्या एक्स्ट्रुडेड पॉलिस्टिरीन फोमचा बोर्डही हलका आणि ताठ असल्याने घुमतो. फोम वापरायचाच असेल तर तो प्लायवर सलग चिकटवा, मधे पोकळी राहू देऊ नका.

त्यावर एचओसाठी ५ मिलिमीटर, एन मापासाठी (एचओहून लहान) ३ मिलिमीटर कॉर्क किंवा बंद पेशींचा ईव्हीए फोम. रबर मिसळलेला कॉर्क साध्या कॉर्कपेक्षा बरा, कारण साधा कॉर्क वर्षांनी सुकून ठिसूळ होतो. प्लाय आणि कॉर्कच्या मधे मऊ फायबरबोर्डचा थर देता आला तर उत्तम. फार मऊ फोमच्या मोहात पडू नका. बोटाने दाबलं की जेमतेम दबेल इतपतच मऊपणा हवा. गादीसारख्या फोमवर रूळ प्रत्येक चाकाखाली लवतो, जॉइनर सैल होतात, सोल्डर तडकतं, आणि सहा महिन्यांनी सांधे पूर्वीपेक्षा जास्त वाजतात.

आता ते पूल. पहिला पूल खिळ्यांचा. स्लीपरमधून कॉर्क भेदून प्लायमध्ये ठोकलेला प्रत्येक खिळा थरथर थेट खाली नेतो, आणि मग कॉर्क असून नसल्यासारखा. दुसरा पूल कडक गोंदाचा, तिसरा खडीचा. पीव्हीए गोंदाने (लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाने) बसवलेली खडी वाळली की स्लीपरपासून कॉर्कच्या उतारावरून बोर्डापर्यंत एक अखंड दगडी कवच तयार होतं. खडी टाकायच्या आधी शांत असलेली गाडी नंतर अचानक गर्जायला लागते ती याचमुळे.

म्हणून असं करा. कॉर्क बोर्डाला लवचीक ॲक्रिलिक सीलंटने चिकटवा. थर एक मिलिमीटरपेक्षा जास्त नको, जुन्या प्लास्टिक कार्डाने पसरवा, वर सारखं वजन ठेवा आणि २४ तास हलवू नका. रूळही त्याच सीलंटच्या पातळ थरावर बसवा, पॉइंटच्या हलत्या भागांखाली मात्र सीलंट अजिबात लावू नका. वाळेपर्यंत रूळ जागेवर धरायला टाचण्या चालतील, स्लीपरच्या आरपार नाही तर शेजारी टोचलेल्या, आणि वाळल्यावर सगळ्या काढायच्या.

खडीसाठी कॉर्क खडीच्या उताराहून दोन्ही बाजूंना १०-१५ मिलिमीटर रुंद ठेवा, म्हणजे खडी कॉर्कवरच संपेल आणि बोर्डाला स्पर्शच करणार नाही. उरलेला काठ मातीच्या रंगाने आणि गवताच्या भुकटीने झाकता येतो. चिकटवायला पीव्हीएऐवजी ॲक्रिलिक मॅट मीडियम (चित्रकार ॲक्रिलिक रंगात मिसळतात ते द्रावण), एक भाग मीडियमला तीन ते चार भाग पाणी, किंवा पातळ केलेला लॅटेक्स गोंद वापरा. दोन्ही वाळल्यावर थोडे लवचीक राहतात. आधी खडी अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याच्या तुषारांनी ओली करा, नाहीतर गोंदाचे थेंब वरच गोळा होतात आणि खडी वाहून जाते. लॅटेक्स आधी टाकाऊ तुकड्यावर लावून बघा, काही वाळल्यावर पिवळट दिसतात.

बोर्डाच्या खालच्या बाजूला, दोन आडव्या पट्ट्यांच्या मधल्या भागात, बिट्युमेनचा चिकट पत्रा लावा, मोटारीच्या दारांना आतून लावतात तो. पूर्ण पृष्ठ झाकायची गरज नाही. थरथर प्रत्येक चौकटीच्या मधोमध सर्वांत जास्त असते, तिथे तिसरा हिस्सा झाकला तरी बराच परिणाम मिळतो. बोर्डाच्या पायांखाली रबराचे तुकडे द्या. पुढून जाड पडदा लोंबता सोडा, पण खालचा भाग पातळ पाटीने बंद करू नका, त्याने बंद पेटी तयार होऊन घुमणं वाढतं.

लेआउट पूर्ण तयार असेल तर

रूळ उचलायचे नसतील तरीही बरंच करता येतं, आणि ते याच क्रमाने करा. चाकं आणि रूळ साफ. सांधे नखाने तपासून घासलेले, अधांतरी सांध्यांखाली स्लीपर. बोर्डाखाली बिट्युमेन, पायांखाली रबर. मग धारदार चाकूने खडीच्या पायथ्याशी, जिथे ती बोर्डाला मिळते तिथे, दोन्ही बाजूंनी लांबच लांब चीर द्या आणि कवच तोडा. चीर बारीक वाळूने किंवा गवताच्या भुकटीने झाका, गोंदाने नाही.

यानंतर खिळे. गोंदाने बसलेल्या रुळाला खिळ्यांची गरज उरलेली नसते. टोकदार पकडीने ते एकेक करून सरळ वर ओढा, स्लीपर बोटाने दाबून धरा म्हणजे रूळ उचलला जाणार नाही. एक-एक मीटर झालं की गाडी चालवून ऐका. एखाद्या जागी रूळ वर आला तर सिरिंजने स्लीपरखाली पातळ केलेलं मॅट मीडियम सोडा, वर पुस्तकाएवढं वजन ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सर्वांत शेवटी पॉइंटजवळचे खिळे काढा, आणि काढल्यावर पॉइंटची पाती दोन्ही बाजूंना पूर्ण टेकतात का ते बघूनच गाडी सोडा.